इथली माणसं कुठं गेली?

"मी काय त्या होडीत बसायची न्हाई. तुमी या जाऊन. मी हितंच बसते चपला राखीत."

राजपुरीच्या धक्क्यावर गाडीतून उतरल्या उतरल्या आत्यांनी सांगून टाकलं आणि खाली बसकण मारली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा वय बाहत्तर. समोर समुद्र, समुद्रात काळाभोर जंजिरा, धक्क्याला लागलेली शिडाची होडी, होडीत चढायला उतावीळ झालेल्या माझ्या चौदा मैत्रिणी, आणि ह्या बाई पाण्याकडे पाठ करून बसलेल्या! मला हसावं की रडावं कळेना.

ही गोष्ट जानेवारी २०१९ ची. येत्या संक्रांतीनंतर आमचा गट पुन्हा सहलीला जायचं म्हणतोय. कुठं जायचं यावर रोज वादावादी चालते आणि मला सारखी ती पहिली सहल आठवते. म्हटलं, तुम्हालाही सांगावी.

आमचं महाळुंगे चाकणजवळचं. बाहेरच्या माणसाला आमचं गाव म्हणजे कंपन्या, कंटेनर आणि ट्रॅफिक जाम एवढंच माहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागे बाजरी आणि कांदा होता. आता घरामागे कंपनीची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे तिन्ही पाळ्यांत मशीन चालतं. आम्ही चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत. मी डबे करते. बिहारची, बुलढाण्याची, लातूरची पोरं माझ्या हातचं खातात. पहाटे चारला उठायचं, पहिल्या पाळीचे डबे, मग दुसऱ्या पाळीचे. यात समुद्र बघायला वेळ कुठला!

आमच्या बचत गटात सोळा जणी. दर संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं, वाण लुटायचं. चाळण्या, डब्या, प्लास्टिकच्या वाट्या. घरोघरी फडताळं भरली त्या वाट्यांनी! सोळांतल्या चौघी विधवा. त्या दिवशी त्यांनी काय करायचं? कुणी माहेरी जायची, कुणी डोकं दुखतंय म्हणून दार लोटून झोपायची. २०१८ च्या संक्रांतीच्या आधी मीटिंगला हाच विषय निघाला. त्या चौघींतली सगळ्यात धाकटी, वय चौतीस, नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेलेला, एरवी तोंडातून शब्द काढत नाही. ती म्हणाली, "मला तुमची वाटी नको. मला एकदा समुद्र दाखवा."

सगळ्या गप्प झाल्या. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग वाण बंद. दर महिन्याला शंभर रुपये बाजूला काढायचे आणि पुढच्या जानेवारीत सगळ्यांनी समुद्रावर जायचं. कुंकू असो नसो, गाडीत सगळ्या!"

वर्षभर पैसे जमले. दिवस ठरला गुरुवारचा, कारण आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. डबे कमी असतात. मार्गशीर्षातले गुरुवारही संपलेले, म्हणजे उपास, कहाणी काही नाही. सतरा सीटची गाडी ठरली. आणि आदल्या रात्री साडेनऊला एकीचा फोन, "ताई, ह्यांना नाही पसंत. माझं राहू द्या."

पैसे भरलेले, सीट रिकामी. तिच्यासाठी जीव हळहळला. पण बाईला असा ऐनवेळी नकार मिळणं आपल्याला काही नवीन नाही. मी उठले आणि आत्यांच्या अंगावरची गोधडी ओढली. "आत्या, उद्या पहाटे तीनला निघायचंय. पातळ काढून ठेवा."

"कुटं?"

"देवाला," मी ठोकून दिलं. आत्या माळकरी. देवाला म्हटलं की निघतात.

गाडी सुटली

तळेगाव, लोणावळा, खोपोली, पेण, अलिबाग. अंधारात घाट उतरला. कुणी भूपाळ्या म्हटल्या, कुणी सिनेमातली गाणी. सोबत बाजरीच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, तिळाचे लाडू. रेवदंडा मागे टाकून गाडी काशीदकडे निघाली आणि उजव्या हाताला, सुरूच्या झाडांमधून, एकदम समुद्र! गाडीत जो काय आरडाओरडा झाला! ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. धाकटी तेवढी ओरडली नाही. खिडकीला नाक लावून बसली होती, लहान पोरीसारखी.

आत्यांनी डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि डोळे मिटून घेतले.

त्यांना पाण्याचं वावडं का, ते मला ठाऊक होतं. त्यांचं माहेर भामा नदीच्या खोऱ्यातलं, खेड तालुक्यातलंच. भामा आसखेड धरण झालं आणि ते घर पाण्याखाली गेलं. भाऊ दुसरीकडे राहायला गेले. धरण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पण आत्या त्या बाजूला एकदाही गेल्या नाहीत. कुणी विषय काढला तर म्हणायच्या, "पानी बगायला काय जायचं?" आमच्या घरी कुणी जास्त विचारलंही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुःख आपण बहुतेक वेळा तसंच झाकून ठेवतो, पालेभाजीवर फडकं टाकल्यासारखं.

तर अशा बाईला मी थापा मारून थेट समुद्रावर आणलं होतं. आणि त्या धक्क्यावर बसल्या होत्या. मी समजावलं, मैत्रिणींनी समजावलं. होडीचा तांडेल, पांढऱ्या दाढीचे चाचा, स्वतः खाली उतरून आले. "आजी, जन्म गेला आमचा या पाण्यात. चला." आत्या ढिम्म. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बसा मग. तिकीट काढलंय तुमचं, पैसे परत मिळत नाहीत."

आत्यांनी मान वर केली. "काढलं बी? मला न इचारता?"

"काढलं."

"मंग काय वाया घालवायचं?" आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या! मैत्रिणींनो, बाईला भीतीपेक्षा पैसा वाया जाण्याचं दुःख मोठं असतं, ते काही खोटं नाही.

बावीसचा पाढा

होडीत आम्ही दाटीवाटीने बसलो. शिड वर गेलं, वाऱ्याने फुगलं. इंजिनाची घरघर नाही, नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. आत्यांनी माझा दंड असा धरला होता की दोन दिवस वळ राहिला.

होडीतच गाईड उभा राहिला. विशी-बाविशीचा पोरगा, राजपुरीचाच. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, तोंडाचा पट्टा चालू. "बावीस एकरात किल्ला, बावीस बुरुज, बावीस वर्षं बांधकाम!" आम्ही माना डोलावल्या. घरी आल्यावर मुलीने पुस्तकं पाहिली तर बुरुजांचा आकडा बहुतेक ठिकाणी १९ दिलेला, आणि बांधकामाची वर्षं प्रत्येकाची वेगळी. पण होडी हलत असताना बावीसचा पाढा ऐकायला बरा वाटतो, हेही खरं.

जंजिरा हा शब्द आला अरबी 'जझीरा'वरून. अर्थ, बेट. आधी इथे कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडाचे मोठाले ओंडके रोवून केलेली तटबंदी. समुद्री चाचांपासून जीव वाचवायला कोळ्यांनी ती उभी केली. त्यांचा पुढारी राम पाटील. सांगतात की निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, दारूची पिंपं भेट दिली आणि सगळे झिंगल्यावर बेट ताब्यात घेतलं. ही गोष्ट ऐकून आमच्या गाडीतल्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "दारूनं घर जातंच, हितं तर बेट गेलं!" त्यांच्या हसण्यात काय होतं ते त्यांनाच माहीत.

लाकडाच्या जागी दगडी किल्ला आला सोळाव्या शतकात. पुढे तो सिद्दींच्या हाती गेला. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. हबशी म्हणत त्यांना, म्हणून या मुलखाला हबसाण नाव. त्यातले कितीतरी लोक गुलाम म्हणून समुद्र ओलांडून आणलेले. मलिक अंबरचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तोही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. पोटासाठी नाहीतर जबरदस्तीने, माणूस कुठून कुठे जातो! मला माझी डब्याची पोरं आठवली. त्या दिवशी त्यांच्या डब्याची सोय मी शेजारणीकडे लावून आले होते.

शिवाजी महाराजांनी जंजिरा घ्यायचे किती प्रयत्न केले! तोफा लावल्या, आरमार पाठवलं, समोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. तो जंजिऱ्याच्या तटावरून दिसतो. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला. तरी किल्ला पडला नाही. आम्ही चाकणच्या. आमचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला, ते आम्ही अभिमानाने सांगतो. पण चाकणला खंदकात पाणी, इथे खंदकच समुद्र!

गाईडने लाय पाटलांचं नाव काही घेतलं नाही, म्हणून मीच सांगते. महाराजांच्या या कोळी सरदाराने रात्री जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या होत्या. वरून मदत वेळेत आली नाही म्हणून डाव फसला. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यात फिरणारी माणसं, आम्हाला पालखी काय करायची? तेव्हा महाराजांनी त्याच्यासाठी गलबत बांधवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. माणसाला काय हवं ते ओळखून देणं, हाही मोठेपणाच.

पाय टाका, लाट आलीय

किल्ल्याजवळ होडी गेली तरी दरवाजा दिसेना. नुसती भिंत! अगदी पुढ्यात गेल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये दरवाजा उघडला. तेव्हा उतरायची सोय म्हणजे पायऱ्या. होडी लाटेबरोबर वर-खाली होते, लाट वर आली की पाय टाकायचा. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात. आमच्यातल्या शिकलेल्या, स्कूटी चालवणाऱ्या बायका किंचाळत होत्या. आत्यांनी पातळाचा काठ खोचला, एकदा खाली बघितलं आणि बैलगाडीतून उतरावं तसा पाय टाकला. पायरीवर उभ्या राहून आम्हालाच म्हणाल्या, "या की. घाबरता कशाला?"

आत शिरताना भिंतीवर शिल्प आहे. एक वाघासारखा प्राणी, त्याने पंज्यात, तोंडात, शेपटीत हत्ती पकडून ठेवलेत. मग तोफा. कलालबांगडी नावाची तोफ इतकी लांबलचक की आमच्या सहा जणी तिच्याजवळ ओळीने फोटोला उभ्या राहिल्या. गाईड तोफेचं वजन, गोळ्याचा पल्ला, कुणी कुणाला मारलं ते सांगत होता. आम्हाला पाऊण तास दिला होता. त्यातली वीस मिनिटं मारामारीतच गेली.

मग चढण चढून आम्ही तलावापाशी आलो. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि मध्ये बांधीव, पायऱ्यांचा, गोड्या पाण्याचा मोठा तलाव! असे दोन आहेत. कुणी झरा म्हणतं, कुणी पावसाचं साठवलेलं. पाणी आता हिरवं झालंय, शेवाळ धरलंय. पण बायकांची जात, पाणी दिसलं की थांबणारच. चाकण पट्ट्यात टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्या आम्ही. एकीने विचारलंच, "हितनं हंडा किती वेळा न्यायला लागत असंल वर?"

तलावाच्या वरच्या अंगाला मोडका तीन मजली वाडा. आजूबाजूला झाडीत जोती, भिंतींचे तुकडे, दगडी पायऱ्या. पायऱ्या चढून गेलं की पुढे काहीच नाही, नुसतं गवत. आत्या तिथे थांबल्या. एका जोत्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गाईड पुढे चालला होता. त्याला त्यांनी हाक मारली.

"ए लेकरा, हे घर कुणाचं?"

"आजी, ते काही नाही. पुढे दर्या दरवाजा आहे, तो बघू."

"काही न्हाई कसं? जोतं हाय की. हितली मान्सं कुटं गेली?"

पोरगा थबकला. त्याचा पट्टा एकदम बंद पडला. मग डोकं खाजवून म्हणाला, "आजी, असं कुणी विचारत नाही. सगळे तोफ विचारतात." आणि त्याचा आवाजच बदलला. रोजचं पाठ केलेलं संपलं होतं. "इथे गाव होतं, आजी. मोहल्ले होते. नवाबाचं राज्य गेलं तशी माणसं उतरली. कामधंदा राहिला नाही. कोण राजपुरीत गेलं, कोण मुरुडला, कोण मुंबईला. माझ्या आजीची आई इथेच जन्मली."

"कुठलं घर तिचं?"

"ते नाही माहीत."

"इचारलं न्हाईस?"

तो काही बोलला नाही. आत्या म्हणाल्या, "आजी हाय का?"

"आहे. राजपुरीत."

"मंग इचारून घे बाबा. आजी गेली की जोतं बी गेलं."

आम्ही बाकीच्या जरा लांब उभ्या होतो. कुणी फोटो काढत नव्हतं. आत्या त्याला हळूहळू सांगत होत्या, माझं बी गाव असंच हाय, फकस्त वर पानी हाय. इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य आम्हा घरच्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका अनोळखी पोराला, समुद्रातल्या किल्ल्यावर.

तेवढ्यात खालून चाचांची हाक आली, वेळ संपली. दर्या दरवाजा राहिला तो राहिलाच! त्याबद्दल एकीचीही तक्रार नव्हती.

गाईडने न सांगितलेलं

जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. तोवर हा किल्ला कुणी जिंकला नाही, हे सगळेच सांगतात. पण घरी आल्यावर माझ्या मुलीने आणि तिच्या शाळेतल्या बाईंनी मिळून आणखी काही शोधलं, ते मला फार आवडलं.

नवाब पुढे किनाऱ्यावर मुरुडच्या वाड्यात राहत. त्यांची एक बेगम होती नाझली. १९०८ मध्ये ती नवाबांबरोबर युरोपला गेली आणि तिने त्या प्रवासाचं पुस्तक उर्दूत लिहिलं. तिची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिथून ती रोजनिशी पाठवायची आणि ती लाहोरच्या बायकांच्या पत्रात छापून यायची. म्हणजे तुम्ही आता वाचताय अशाच एखाद्या पानावर! पुढे नाझली आणि नवाबांचा घटस्फोट झाला. दुसरी बेगम कुलसुम. नवाब १९२२ मध्ये वारले तेव्हा मुलगा लहान होता. १९३३ पर्यंत संस्थानाचा कारभार या कुलसुम बेगमने पाहिला. अकरा वर्षं! तोफांची नावं तोंडपाठ असलेल्या पोराला ही नावं कुणी शिकवली नव्हती. त्याचा दोष नाही. आपण विचारतच नाही.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी सांगते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा हिवाळा उत्तम. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत होड्या थांबतात, त्या हिशेबाने पोचा. उतरण्याची सोय आता कशी आहे, भाडं काय, ते आधी फोन करून विचारून घ्या. काठ खोचता येईल अशी साडी किंवा पंजाबी ड्रेस घाला, चप्पल घट्ट पट्ट्याची. पाणी आणि टोपी सोबत ठेवा, वर सावली फार नाही. प्लास्टिक टाकून येऊ नका. आणि गाईडला तोफेच्या पुढचं काहीतरी विचारा. पोरं चांगली असतात, विचारलं की सांगतात.

परत येताना होडीत आत्या माझा दंड न धरता बसल्या. मुरुडला जेवलो. मासे खाणाऱ्यांनी मासे खाल्ले, आत्यांनी तांदळाची भाकरी आणि सोलकढी घेतली. संध्याकाळी काशीदला धाकटी गुडघाभर पाण्यात उभी राहिली ती बाहेर यायला तयार होईना. अंधार पडला तरी आम्ही थांबलो. तिच्यासाठीच तर आलो होतो. घरी पोचायला मध्यरात्र उलटली. पहाटे चारला मी परत चुलीपुढे. पोरांनी विचारलं, "आंटी, समुंदर कैसा था?" मी म्हटलं, "खारा." आणि एकटीच हसले.

त्या आदल्या रात्री नाही म्हणालेल्या बाईला आम्ही वाळूतले शिंपले आणून दिले. तिने ते देव्हाऱ्यात ठेवले. यंदाच्या यादीत तिने पहिलं नाव स्वतःचं लिहिलंय, आणि "ह्यांना विचारते" असं म्हणाली नाही.

राहता राहिलं आत्यांचं. त्याच वर्षी मे महिन्यात एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, "धरनावर जाऊ. पानी उतरलं आसंल." मी, मुलगी आणि आत्या, रिक्षा करून गेलो. पाणी बरंच मागे हटलं होतं. तडे गेलेला गाळ, आणि लांबवर काळ्या दगडांच्या ओळी. त्यांचं घर कुठे असेल ते मला ओळखता आलं नसतं. आत्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि बोट लांब केलं.

"त्यो देवळाचा पार. त्याच्या अंगानं बोळ. तिसरं घर आमचं. दारात शेवगा. हिकडं गोठा. मागल्या दारी माज्या आईची तुळस."

मुलीने वही काढली आणि त्या सांगतील तसं रेघांनी गाव काढत गेली. आत्या तासभर बोलत होत्या. कुणाच्या घरी लग्नात किती पंगती उठल्या, कोणती म्हैस पुरात वाहून गेली, पंचमीला झोका कुठल्या झाडाला. मी मधूनमधून नुसतं विचारत होते, "मग पुढे कुणाचं घर?"

परत निघालो. रिक्षात बसलो, रिक्षा सुरूही झाली, आणि आत्यांनी ड्रायव्हरला थांबवलं.

"आगं, हीर ऱ्हायली की!"

मुलीने परत वही काढली.